छत्तीस पिंपं

म्युनिकमध्ये राहून बिअरसाठी चेक रिपब्लिकला जाणं म्हणजे कोल्हापुरात राहून मिसळ खायला पुण्याला जाणं! हे मी नाही, म्युनिकमध्ये राहणारा आमचा मित्रच म्हणाला. म्हणाला, आणि तरी गाडीच्या वीस मिनिटं आधी स्टेशनवर हजर होता. प्रेट्झेलची पिशवी घेऊन.

आम्ही चौघं. कॉलेजपासूनचा ग्रुप. एक हा म्युनिककर, आयटीवाला. एक मुंबईकरीण, बँकेत आहे आणि एक्सेल शीट केल्याशिवाय तिला सुट्टीवर जाता येत नाही. एक मी. आणि चौथा खंबा.

खंबा म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. (आई, तू हे वाचत असलीस तर तो विजेचा खांब. उंच आहे ना तो, म्हणून.) सेकंड इयरच्या गॅदरिंगनंतर एका रात्रीत त्याने जो काही पराक्रम केला, त्यावरून हे नाव पडलं. पडलं म्हणजे मीच ठेवलं. पुढे ते इतकं चिकटलं की त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली तर तोच ओ द्यायचा नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नावसुद्धा ‘खंबा अँड कंपनी’.

ट्रिपचं एक्सेल शीट फिरलं त्यात दिवस चौथा होता ‘पिल्झेन, ब्रुअरी टूर, चार तिकिटं’. मी तीन बदाम टाकले. म्युनिककराने मिसळीचा तो डायलॉग मारला. खंब्याने नुसता अंगठा दाखवला. त्याने पिणं बंद केलंय हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे ‘सध्या बंद आहे’ एवढं माहीत होतं. जिम सुरू आहे, भात बंद आहे, त्यातलाच प्रकार. पुढे कुणी काही विचारलं नाही. खरं सांगते, मला ते सुचलंही नाही.

म्युनिकहून प्रागला जाणारी गाडी वाटेत पिल्झेनला थांबते. साडेचारेक तासांचा प्रवास. सीमेवरची जंगलं अशी की फोन हातातून खाली ठेवावासा वाटतो. स्टेशनवर उतरलं की चालत दहा मिनिटांवर ब्रुअरीची कमान. दोन कमानींचं ते दगडी प्रवेशद्वार १८९२ साली, ब्रुअरीला पन्नास वर्षं झाली म्हणून बांधलेलं. पिल्सनर उरक्वेलच्या लेबलवर तेच चित्र असतं. फोटो काढायला ही रांग! ‘उरक्वेल’ म्हणजे मूळ झरा. नाव जर्मन. चेक लोक म्हणतात ‘प्राझद्रोय’, अर्थ तोच.

आवार एवढं मोठं की टूरमध्ये मध्येच चक्क बसमध्ये बसवून नेतात. बॉटलिंगच्या हॉलमध्ये वरच्या गॅलरीतून खाली बघायचं. बाटल्यांची नुसती दिंडी चाललेली. तासाला १ लाख २० हजारांची क्षमता आहे म्हणे. मुंबईकरीण लगेच मोबाइलवर सेकंदाचा हिशेब करायला लागली. तेहतीस आणि थोड्या. ‘आपल्या ब्रँचमध्ये सेकंदाला एक कस्टमर झाला तरी मी राजीनामा देईन,’ असंही म्हणाली.

पण टूरमधली सगळ्यात भारी गोष्ट मशिनची नव्हतीच. ती होती १८३८ची.

त्या काळी पिल्झेनमध्ये बिअर बनवायचा हक्क ठरावीक घरांकडे असायचा. शहर वसलं १२९५ मध्ये, आणि तेव्हापासूनचा हा मान. पण मान वेगळा आणि चव वेगळी. बिअर कधी बरी व्हायची, कधी आंबून जायची. शेवटी १८३८ मध्ये कडेलोट झाला. शहराने छत्तीस पिंपं बिअर ‘पिण्यालायक नाही’ असं ठरवून टाऊन हॉलसमोर, भर चौकात ओतून दिली. सगळ्यांच्या देखत!

जरा इमॅजिन करा. आपल्या बिल्डिंगमध्ये कुणी दुधाची एक पिशवी सांडली तरी तीन दिवस चर्चा असते. इथे अख्ख्या शहराने आपलीच बिअर आपल्याच चौकात ओतली. म्हणजे एका अर्थाने चारचौघांत कबूलच केलं की आपलं चुकतंय. त्यानंतर हक्कवाले सगळे एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं, वेगवेगळं बिघडवण्यापेक्षा एकत्र नीट करू. त्यातून नागरिकांची ब्रुअरी उभी राहिली. ती चालवायला त्यांनी शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा माणूस आणला. वय २९. स्वभावाने म्हणे इतका उर्मट की त्याचे वडीलच त्याला बव्हेरियातला सगळ्यात उद्धट माणूस म्हणायचे. पण हात सोन्याचा. ५ ऑक्टोबर १८४२ला त्याने पहिलं आधण लावलं आणि जे तयार झालं ते सोनेरी, स्वच्छ, आरपार दिसणारं. तोवर बिअर म्हटली की बहुतेक गडद नाहीतर गढूळ. आज जगभरात विकली जाणारी बहुतेक लागर, अगदी आपल्या परमिट रूममधल्या बर्फाळ बाटलीतलीसुद्धा, याच खानदानातली.

आणि ग्रोलचं काय झालं? १८४५च्या एप्रिलअखेर त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. रिन्यू केलं नाही. गडी आपल्या गावी परत गेला. (अप्रेझलच्या सीझनमध्ये हा पॅराग्राफ कापून डेस्कवर चिकटवायला हरकत नाही.)

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. गाइडच्या बरोबर पुढे, पहिल्या बाकावर बसल्यासारखा, खंबा चालत होता. आम्ही तिघं मागे सेल्फी काढत, ‘टेस्टिंग कधी, टेस्टिंग कधी’ करत होतो. तो प्रश्न विचारत होता. पाणी कुठलं? इथलं पाणी फारच हलकं आहे, त्यात क्षार नगण्य, म्हणून चव अशी येते, असं गाइड म्हणाली. खंब्याने मागे वळून मला मराठीत सांगितलं, ‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ना, तसंच.’

मग बार्लीचे दाणे चाखायला मिळाले. मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. खंब्याने दाणा चावला आणि त्याचा चेहराच बदलला. ‘अगं, हे तर नाचणी सत्त्वाचं गणित आहे! आजी काय करायची? भिजव, मोड आण, वाळव, दळ. सेम!’ आणि खरंच तो दाणा गोडसर लागतो. मोड येताना दाण्याच्या आत असं काहीतरी तयार होतं की पुढे गरम पाण्यात त्याच्या पिठाची साखर होते. हॉप्सचा वास घेतला, तो मात्र ओल्या गवताचा आणि चव कारल्याला लाजवेल अशी. हॉप्सची फक्त मादी फुलं वापरतात हे कळल्यावर मुंबईकरीण म्हणाली, ‘म्हणजे इथेही काम आम्हीच करायचं.’

तांब्याच्या त्या महाकाय हंड्यांसमोर खंबा पाचेक मिनिटं नुसता उभा होता. तिथे माल्ट आणि पाण्याच्या मिश्रणातला एक भाग काढून वेगळा उकळतात, परत मूळ हंड्यात ओततात. असं एकदा नाही, तीनदा. म्युनिककर म्हणाला, ‘माझा बॉस प्रेझेंटेशन असंच परत पाठवतो.’ सगळे हसलो. खंबाही हसला. बरं वाटलं.

मग तळघरं. शंभर टूरमध्ये एखादीच अशी जागा असते. १८३९ पासून हाताने खोदलेले बोगदे, सगळे मिळून नऊ किलोमीटर! बाहेर कोवळं ऊन होतं, आत पाच-सहा अंश. भिंती ओल्या, दिवे पिवळे, पायाखाली पाणी. फ्रिज नव्हते तेव्हा हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ आणून इथे साठवायचे आणि त्याच्या गारव्यात बिअर मुरायची. आता ते काम वर स्टीलच्या टाक्यांमध्ये होतं. पण थोडी बिअर अजूनही जुन्या पद्धतीने ओकच्या लाकडी पिंपांमध्ये ठेवतात, नव्या बिअरची चव जुनीशी जुळते ना हे ताडून बघायला. ती पिंपं बनवणारे कारागीरही ब्रुअरीने अजून पदरी ठेवलेत.

बोगद्याच्या एका वळणावर एक माणूस पिंपाशेजारी उभा. पिंपाच्या तोंडातून थेट ग्लास भरून देत होता. न गाळलेली, किंचित धुरकट, वर फेसाचा जाड थर. बाहेर ही कुठल्या दुकानात मिळत नाही. रांग पुढे सरकत होती. मला मिळाली, मुंबईकरणीला मिळाली, म्युनिककराला मिळाली. चौथा ग्लास खंब्याच्या हातात आला.

आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे बघायला लागलो.

‘अरे, एक घोट,’ म्युनिककर म्हणाला. ‘पिल्झेनला येऊन? हिस्टॉरिकल व्हॅल्यू म्हणून तरी!’ मुंबईकरीण म्हणाली, ‘एका घोटाने काय होतंय?’ आणि मी... मी मोबाइलचा व्हिडिओ सुरू केला. ‘खंबा रिटर्न्स!’ असं ओरडलेसुद्धा. तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. अकरा सेकंदांचा. त्यात तो ग्लास दिव्यासमोर धरतो, नाकापाशी नेतो, डोळे मिटतो. मग ग्लास त्या पिंपवाल्याला परत देतो. पिंपवाला ‘का’ असं विचारत नाही. मान हलवतो, ग्लास बाजूला ठेवतो आणि पुढच्या माणसासाठी नवा भरायला घेतो. माझा आवाज मधेच बंद झालेला कळतो. तिथे व्हिडिओ संपतो.

माझ्या ग्लासातली बिअर अप्रतिम होती. खोटं कशाला बोलू? आधी ब्रेडसारखी, मग गोड, मग सावकाश येणारा कडूपणा. पण तिचा अर्धा ग्लास मला संपवायला जड गेला.

संध्याकाळी गाडीला वेळ होता म्हणून चालत शहराच्या मोठ्या चौकात गेलो. मधोमध सेंट बार्थोलोम्यूचं चर्च, त्याचा मनोरा शंभर मीटरच्या वर उंच. एका बाजूला चित्रं कोरलेला टाऊन हॉल. याच्यासमोरच ती पिंपं ओतली होती. ट्राम जात होत्या, पोरं स्केटबोर्ड खेळत होती. खंबा दगडांकडे बघत म्हणाला, ‘ओतली तेव्हा आजूबाजूचे लोक काय म्हणाले असतील?’

‘हसले असतील,’ मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता मलाच कसंतरी झालं.

गल्लीतल्या एका पबमध्ये बसलो. तिथली पद्धत मस्त आहे. वेटर ग्लास आणून ठेवतो आणि टेबलावरच्या चिठ्ठीवर पेनाने एक रेघ मारतो. ग्लास संपत आला की न सांगता दुसरा. नको असेल तर ग्लासाखालचा पुठ्ठा उचलून ग्लासावर ठेवायचा. बास. चर्चा नाही, आग्रह नाही. खंब्याने कोफोला मागवला. १९६० पासूनचं तिथलं देशी कोला, बिअरसारखंच नळातून मिळतं. वेटरने तोही तसाच आणून ठेवला, तशीच रेघ मारली. दरडोई बिअर पिण्यात वर्षानुवर्षं जगात पहिला नंबर असलेला हा देश. पण गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारू शून्य हवी असा कायदा, त्यामुळे प्रत्येक टेबलावर एखादा तरी न पिणारा असतो. त्याला कुणी ‘का रे बाबा, काय झालं?’ विचारत नाही.

खंब्यानेच विषय काढला. आवाज एकदम नॉर्मल, मीटिंगचे मिनिट्स वाचतात तसा.

‘लिव्हर-बिव्हर काही नाही हं. तुम्हाला वाटत असेल डॉक्टरने घाबरवलं. एका सोमवारी सकाळी साडेआठला मी किचनमध्ये उभा होतो. नऊला क्लायंट कॉल. हातात कॉफीचा मग. आणि मगमध्ये कॉफी नव्हती.’

आम्ही गप्प.

‘तो कॉल चांगला झाला. त्याचीच भीती वाटली. कुणाला कळलंसुद्धा नाही. मग त्या आठवड्यात एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या सल्ल्याने सगळं केलं. घरात होतं ते सगळं सिंकमध्ये ओतलं. आता दर गुरुवारी एक मीटिंग असते, तिथे जातो. चौदा महिने झाले.’

‘आम्हाला का नाही सांगितलंस?’ मुंबईकरणीने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

तो हसला. ‘कुठे सांगू? ‘खंबा अँड कंपनी’वर?’

लागलं. आणि ते बरोबरच लागलं. कारण आम्ही चौघं एकमेकांना पंधरवड्यातून एकदा तरी व्हिडिओ कॉल करतो, वाढदिवसाला केक पाठवतो, एकमेकांचे पासवर्डसुद्धा आम्हाला माहीत आहेत. पण आमच्यातल्या एकाने आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट चौदा महिने एकट्याने केली, आणि आम्ही त्याच्यासाठी ब्रुअरीचं तिकीट काढलं. वर त्याला हाक मारतो ती बाटलीच्या नावाने. रोज. प्रेमाने.

‘मग तू आलास कशाला?’ म्युनिककर म्हणाला. ‘नाही म्हणायचंस ना यार. मी आपण चौघं किल्ले बघायला गेलो असतो.’

‘तुम्हाला भेटायला आलो,’ तो म्हणाला. ‘आधी गुरुवारच्या लोकांना विचारलं. त्यांनी सांगितलं, शक्यतो टाळ. मी म्हटलं, जाणारच असेन तर? तर म्हणाले, तिथून रोज फोन कर. आज दोनदा केलाय. एकदा स्टेशनवर, एकदा तळघरातून वर आल्यावर.’ कोफोल्याचा घोट घेतला. ‘आणि खरं सांगू? आजचा दिवस आवडला मला. एवढी वर्षं जे घशात ओतत होतो ते कसं बनतं, किती मेहनतीने बनतं, ते शुद्धीत पहिल्यांदा बघितलं. आणि ती पिंपांची गोष्ट. १८३८ला ओतली, १८४२ला चांगली बिअर आली. म्हणजे ओतून दिल्यावर काहीतरी धड व्हायला चार वर्षं लागली. अख्ख्या शहराला! माझे तर चौदाच महिने झालेत.’

म्युनिककराने काही न बोलता स्वतःच्या ग्लासावर पुठ्ठा ठेवला. मग मुंबईकरणीने. मग मी. खंबा वैतागला. ‘ए, नाटकं करू नका. प्या गपचूप. तुम्ही पिताय याचा मला त्रास नाही. तुम्ही मला बघत पिताय याचा होतो.’ मग आम्ही पुठ्ठे काढले, वेटर येऊन रेघा मारून गेला, आणि गाडीची वेळ होईपर्यंत कॉलेजच्या त्याच त्या जुन्या गोष्टी निघाल्या. सेकंड इयरच्या गॅदरिंगची मात्र कुणी काढली नाही.

परत आल्यावर आठवड्याभरात एक ऑफिस पार्टी होती. शुक्रवारची, रूफटॉप, नेहमीचीच. एक नवीन मुलगा कोपऱ्यात हातात पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. ‘अरे, एक तरी घे ना!’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. सवयीने. आजवर किती जणांना ते म्हटलं असेल याचा हिशेब मला मुंबईकरणीच्या एक्सेलमध्येही लागणार नाही. त्याला मी विचारलं, पनीर टिक्का संपायच्या आत आणून देऊ का? तो हो म्हणाला. एवढंच.

फोनमध्ये मित्राचं नाव बदललं. खरं नाव टाइप करताना र्‍हस्व की दीर्घ असा क्षणभर घोटाळा झाला, इतकी वर्षं ते लिहिलंच नव्हतं. ते नाव इथे देत नाही, त्याचं त्याच्याकडे राहू दे. व्हिडिओ काढून टाकणार होते, पण तो म्हणाला, ‘ठेव. फक्त कुणाला पाठवू नकोस.’

आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव मुंबईकरणीने गाडीतच, सीमा ओलांडायच्या आत बदललं होतं. आता ते आहे ‘छत्तीस पिंपं’. त्यावर त्याने पुन्हा नुसता अंगठा दाखवला. या वेळी मी त्याला फोन केला.